दार न उघडतां

किल्ली हरवली कीं कुलूप फोडावें, हा व्यवहारांतील सोपा न्याय होय. आम्ही आजवर याच न्यायानें वागत आलों, आणि त्याचें प्रायश्चित्त एकदां इतकें कडक भोगलें कीं, साठीच्या उंबरठ्यावर उभे असतां एक नवी विद्या शिकणें आम्हांस भाग पडलें. ती विद्या संगणकाची आहे म्हणून वाचकांनीं बिचकूं नये. दाणेबाजारांतला व्यापारी पोत्याची शिवण न उसवतां एक पोकळ लोखंडी सळई आंत खुपसतो आणि मूठभर दाणे काढून तळहातावर पसरतो. पोतें होतें तसेंच राहतें. आमची ही विद्याहि त्याच जातीची आहे. जी चकती संगणकानें अद्याप आपल्या घरांत दाखल करून घेतलेली नाहीं, तिच्यांतून हवी ती फाइल आज्ञा टंकून बाहेर काढावयाची, अथवा प्रसंगीं तिच्यांत ठेवावयाची. दार मात्र उघडावयाचें नाहीं.

आमचें बिऱ्हाड भाईंदरचें. मीरा-भाईंदर म्हटलें म्हणजे आज उंच इमारती आणि सकाळच्या गाडीला लोंबकळणारीं माणसें एवढेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. 2002 सालीं तर येथें महानगरपालिकाहि झाली. परंतु आमच्या लहानपणीं घराबाहेर पडलें कीं प्रथम मिठागरें दिसत. वसईच्या खाडीचें पाणी भरतीला आंत घ्यावें, बांध घालून अडवावें, उन्हानें आटवावें, आणि खालीं उरलेलें मीठ ओढून त्याच्या पांढऱ्या राशी रचाव्या, हा उद्योग पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत चाले. आमचे वडील अशाच एका मिठागरावर कारकून होते. त्यांस इतिहासाची आवड फार. 1739 सालच्या वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांच्या फौजेनें जो धारावीचा किल्ला घेतला, तो चौक गांवाजवळ आमच्याच हद्दींत आहे, हें ते पाहुण्यांस इतक्या अभिमानानें सांगत कीं जणूं त्या फौजेचा हिशेब त्यांनींच ठेवला होता. पुढें आम्ही इतिहासाचे प्राध्यापक झालों, त्याचें मूळ तेथें आहे.

वडील 1993 सालीं सेवानिवृत्त झाले. पुढें चार वर्षांनीं त्यांनीं एक जुना संगणक विकत घेतला आणि एका बोटानें मराठी टंकून आपल्या आठवणी लिहावयास आरंभ केला. बारा प्रकरणें झालीं. प्रत्येक प्रकरणास त्यांनीं एक स्वतंत्र फ्लॉपी दिली. साडेतीन इंची त्या चौकोनी डबींत तसलीं पन्नास प्रकरणें सहज मावलीं असतीं. पण सगळे दागिने एका डब्यांत ठेवूं नयेत, हा त्यांचा कारकुनी बाणा. प्रत्येक फ्लॉपीवर त्यांच्या वळणदार अक्षरांत प्रकरणाचा अंक असे, आणि त्या साऱ्या एका पत्र्याच्या डब्यांत माळ्यावर असत. 2003 सालीं ते गेले. तो डबा वारसा म्हणून आमच्याकडे आला.

आतां आमच्या अपराधाची कथा. 2004 सालीं, वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, मातोश्रींनीं आम्हांस म्हटलें, "सातवें प्रकरण तेवढें मला वाचून दाखव." आम्हीं सातवी फ्लॉपी यंत्रांत घातली. यंत्र थोडें गुरगुरलें आणि पडद्यावर एक चौकट उमटली. तिचा आशय असा कीं, ही चकती आंखलेली नाहीं. आतां आंखूं काय? आम्ही इंग्रजी वाङ्मयावर वाढलेले पदवीधर. 'फॉरमॅट' या शब्दाचा अर्थ आम्हीं आपल्या मनानें 'व्यवस्थित लावणें' असा केला. यंत्र विनयानें विचारीत आहे, तेव्हां नाहीं कशास म्हणावें? आम्हीं 'होय' म्हटलें. मिनिट-दोन मिनिटें यंत्र घरघरत राहिलें, आणि मग चकती अगदीं निष्कलंक होऊन बाहेर आली. तिच्यावर कांहींहि नव्हतें.

सातवें प्रकरण आमच्या ताईचें होतें. ती आमच्या जन्मापूर्वीं तीन वर्षें, 1965 सालीं, चार वर्षांची होऊन तापानें गेली. घरांत तिचा फोटो नाहीं. तिच्याविषयीं वडील आमच्याजवळ कधीं बोलले नाहींत. तें सारें त्यांनीं त्या एका प्रकरणांत लिहिलें आणि एका दुपारीं मातोश्रींस वाचून दाखविलें. आम्हीं तें कधींच वाचलें नव्हतें. आमच्या हातून काय झालें तें सांगतांच मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "असूं दे. तुला ठाऊक नव्हतें." त्यानंतर त्यांनीं तो विषय काढला नाहीं. आम्हांसहि तो डबा उघडण्याचें धैर्य झालें नाहीं. 26 जुलै 2005 च्या महापुरांत आमच्या तळमजल्याच्या घरांत गुडघाभर पाणी आलें, तेव्हां डबा माळ्यावर होता म्हणून वांचला. त्यानंतरहि तो तेथेंच राहिला.

गतवर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो मीरा रोडला राहतो व संगणकाच्या धंद्यांत आहे. बोलतां बोलतां डब्याची गोष्ट निघाली. डबा खालीं काढला, तों कांहीं फ्लॉप्यांवर खाडीच्या दमट हवेनें बुरशीचे ठिपके धरलेले दिसले. आमच्यापाशीं यूएसबीला जोडावयाचें एक फ्लॉपीयंत्र होतें. आम्ही उत्साहानें पहिली फ्लॉपी त्यांत सारूं लागलों, इतक्यांत त्यानें आमचा हात धरला. "सर, आधीं ती खिडकी सरकवा," तो म्हणाला. फ्लॉपीच्या कोपऱ्यांत एक इवलीशी पट्टी असते. ती सरकवून भोंक उघडें केलें म्हणजे यंत्रास त्या चकतीवर लिहितां येत नाहीं, केवळ वाचतां येतें. त्रेपन्न वर्षांपूर्वीं मुळाक्षरें गिरविलीं, त्यानंतर आमचा हात कोणीं धरल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

त्यानें मग आम्हांस सांगितलें तें असें. संगणकशास्त्रांत 'माउंट' करणें, म्हणजे चढविणें, असा एक शब्द आहे. पूर्वीं चुंबकीय फितींचीं रिळें आणि चकत्यांचे गठ्ठे यंत्रशाळेंतील माणसें खरोखरच हातानें यंत्रावर चढवीत. तेथून तो शब्द आला. आज तें काम मनोमय आहे. चकती जोडतांच यंत्राची कार्यप्रणाली तिच्यावरील मांडणी वाचते, ती आपल्या घरच्या मांडणीस जोडून घेते, आणि त्या क्षणापासून चकतीची मालकी आपल्याकडे आहे असें समजून वागूं लागते. विंडोज 95 तर, फ्लॉपीची पट्टी सरकविलेली नसली, तर आपली ओळख पटावी म्हणून तिच्या पहिल्या खंडांत स्वतःची खूण लिहून ठेवी. आजकालच्या लिनक्सची ईएक्सटी-4 ही मांडणी घ्या: चकती केवळ वाचनासाठीं म्हणून जोडली, तरी तिची आंतली रोजनिशी अपुरी राहिली असल्यास कार्यप्रणाली ती आधीं पुरी करते, म्हणजे वाचण्याच्या निमित्तानें लिहितेच. तसें होऊं नये अशी इच्छा असेल तर तें निराळें सांगावें लागतें. आम्ही हें ऐकून स्तब्ध झालों. ज्या घरीं आपण केवळ समाचारास जातों, तेथील फर्निचर हलवून ठेवणारे पाहुणे आम्हीं पाहिले आहेत. यंत्रेंहि त्यांच्यांतलींच निघालीं.

यासाठीं जाणत्यांनीं दुसरी वाट काढली आहे. चकती घरांत घ्यावयाचीच नाहीं. प्रथम तिची आरंभापासून शेवटापर्यंत, अर्थाकडे न पाहतां, अक्षरशः नक्कल करावयाची; या नकलेस प्रतिमा म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यानें त्यासाठीं आंतोनिओ दियाझ यांनीं रचलेला 'डीडीरेस्क्यू' नांवाचा कार्यक्रम वापरला. त्याची रीत एखाद्या समंजस वैद्यासारखी आहे. जेथें चकती सुस्थितींत आहे तेथील मजकूर तो आधीं झटपट उचलतो. जेथें वाचन अडतें ती जागा टिपून पुढें जातो. आणि सर्व सोपें काम हातीं आल्यावरच अवघड जागांकडे परत वळतो. दुखऱ्या जागेवर आरंभींच घांसत बसलें तर उरलेली चकतीहि त्या घासणींत जाण्याचा संभव असतो, हें त्यामागचें धोरण. अशा रीतीनें एकेका फ्लॉपीची प्रतिमा तयार झाली. प्रत्येकीचें माप नेमकें 14,74,560 बाइट.

या प्रतिमेच्या आंत काय असतें तें आम्हीं कागदावर मांडून घेतलें, कारण मांडल्यावांचून आम्हांस कांहीं समजत नाहीं. फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येकीवर 80 वर्तुळें, प्रत्येक वर्तुळाचे 18 खंड, आणि प्रत्येक खंडांत 512 बाइट. एकूण खंड 2,880. पहिल्या खंडांत चकतीचें स्वतःविषयींचें निवेदन. पुढें नऊ खंडांत, कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कोठें आहे त्याची खतावणी, आणि त्यापुढें नऊ खंडांत त्याच खतावणीची दुसरी प्रत. नंतर 14 खंडांत फायलींच्या नांवांची यादी. आणि त्यापुढें प्रत्यक्ष मजकूर. हें पाहून आम्हांस वडिलांच्या टेबलाची आठवण झाली. त्यांचीहि खतावणी दुहेरी असे.

हीच खतावणी स्वतः वाचून मजकूर काढणारीं कांहीं साधनें आहेत, त्यांस 'एमटूल्स' म्हणतात. एमेट ग्रे यांनीं तीं आरंभिलीं आणि अलेन क्नाफ व डेव्हिड निएमी यांनीं पुढें वाढविलीं. 'एमडिर' म्हटलें कीं यादी दिसते. 'एमकॉपी' म्हटलें कीं नक्कल होते. आज्ञेची रचना संस्कृतांतल्या अन्वयासारखी आहे: आधीं 'एमकॉपी' ही क्रिया, मग '-आय' ही खूण व प्रतिमेचें नांव, मग दोन अपूर्णविरामचिन्हें व त्यांस जोडून हव्या त्या फाइलचें नांव, आणि अखेरीस एक टिंब, ज्याचा अर्थ 'येथें'. एवढें टंकून कळ दाबली आणि पहिलें प्रकरण आमच्या संगणकावर उतरलें. खिडकी उघडली नाहीं, चौकट उमटली नाहीं, कोणीं कांहीं विचारलें नाहीं. त्या निःशब्द ओळीइतकें सौजन्य आम्हांस यंत्राकडून पूर्वीं कधीं मिळालें नव्हतें.

उतरलेली फाइल उघडली, तों मराठीच्या जागीं इंग्रजी अक्षरें व चिन्हें यांचा कचरा! भारतीय लिप्यांसाठीं इस्की हें प्रमाण 1991 सालीं ठरलें, आणि युनिकोडची पहिली आवृत्तिहि त्याच वर्षाची; परंतु पुढें कित्येक वर्षें मराठी टंक करणाऱ्या प्रत्येकाचा संकेत निराळाच राहिला. इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे आकार बसवावयाचे, अशी ती तडजोड होती. टंक गेला कीं अर्थ गेला. वडिलांच्या टंकाचें कोष्टक शोधून विद्यार्थ्यानें तीं अक्षरें युनिकोडांत उतरवून दिलीं. मोडी वाचणाऱ्यास मोडी शिकविण्याचा हा प्रसंग होता. आम्हीं तो नम्रपणें सोसला.

तिसऱ्या फ्लॉपीनें मात्र आम्हांस रडविलें. तिचा पहिलाच खंड बुरशीनें खाल्ला होता. हीच फ्लॉपी नेहमींच्या रीतीनें यंत्रांत घातली असती, तर 'ही आंखलेली नाहीं, आंखूं काय?' हीच चौकट पुनः उमटली असती. विद्यार्थी सहज म्हणाला, "पहिला खंड या जातीच्या सर्व फ्लॉप्यांत जवळजवळ सारखाच असतो, सर." त्यानें तिच्या प्रतिमेची एक प्रत केली, चौथ्या फ्लॉपीच्या प्रतिमेंतले पहिले 512 बाइट उचलून त्या प्रतींत बसविले, आणि एमडिर म्हटलें. तिसऱ्या प्रकरणाचें नांव पडद्यावर आलें.

त्याला आनंद झाला. आमच्या पोटांत मात्र खड्डा पडला. म्हणजे 2004 सालीं सातव्या फ्लॉपीला झालें होतें तें एवढेंच! निवेदनाचें एक पान फाटलें होतें. ग्रंथ शाबूत होता. 'आंखलेली नाहीं' हें यंत्राचें विधान खोटें होतें. खरें विधान 'मला वाचतां येत नाहीं' असें हवें होतें. आणि आम्हीं, ज्यांनीं आयुष्यभर विद्यार्थ्यांस साक्षीदाराचें म्हणणें पारखून घ्यावयास शिकविलें, तो एक साक्षीदार न पारखतां मान्य केला. सातव्या फ्लॉपीचीहि प्रतिमा घेऊन पाहिली. पहिल्यापासून अखेरपर्यंत मजकुराच्या प्रत्येक खंडांत तोच एक आंकडा, रांगेनें, पुनःपुनः.

शेवटचा उपाय म्हणून वडिलांचा जुना संगणक माळ्यावरून उतरविला. तो सुरू करावयाचा नाहीं, हें आतां आम्हांसच सुचलें. त्याची हार्ड डिस्क काढून, लिहिण्यास मनाई करून, तिची प्रतिमा घेतली. हार्ड डिस्कवर फायलींचा विभाग अगदीं आरंभापासून नसतो. त्या काळच्या बहुतेक डिस्कांवर तो 63 खंड सोडून सुरू होई. 63 गुणिले 512, म्हणजे 32,256. प्रतिमेच्या नांवापुढें दोन 'ॲट' चिन्हें जोडून हा आंकडा लिहिला, म्हणजे एमटूल्स तेवढें अंतर सोडून वाचूं लागतें. लिहिला. वडिलांच्या कप्प्याची यादी उमटली. प्रकरणें त्यांनीं फ्लॉप्यांवर हलवून येथून पुसलेलीं. पण सातव्या अंकाची एक फाइल होती, आणि तिच्या नांवाचें शेपूट 'बीएके' असें होतें. लिहितांना जतन केलें कीं आधींचा मसुदा बाजूस ठेवण्याची त्या कार्यक्रमास संवय होती. तो मसुदा पुसावयाचा वडील विसरले होते.

चार पानें निघालीं. पूर्ण प्रकरण अकरा पानांचें होतें, असें मातोश्रींस आठवत होतें. त्या आतां पंचाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या खाटेपाशीं बसून आम्हीं तीं चार पानें वाचलीं. ताई मिठागराच्या बांधावर वडिलांच्या मागोमाग धांवे. मिठाच्या राशीस ती 'साखरेचा डोंगर' म्हणे. एकदां कोणाचें लक्ष नसतां तिनें त्या डोंगराचा घांस घेतला आणि वडिलांनीं फसविलें म्हणून दिवसभर अबोला धरला. पुढें आश्विनांतील एक संध्याकाळ. तिला कणकण वाटतें. वडील तिला खांद्यावर घेऊन खाडीकडून घरीं येतात. तेथें मसुदा संपतो, अर्ध्या वाक्यांत.

आम्ही थांबलों. मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "पुढचें मला ठाऊक आहे. लिहून घे."

तीन दुपारीं त्यांनीं सांगितलें आणि आम्हीं टंकलें. तें वडिलांचें प्रकरण नव्हे. वडील त्या रात्रीं डॉक्टरास आणावयास गेले होते. घरीं मुलीजवळ मातोश्री एकट्या होत्या. त्यामुळें वडिलांनीं जें लिहिलें असेल त्यांत जें असणें शक्य नव्हतें, तेंच त्यांनीं सांगितलें. तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

मजकूर पुरा झाल्यावर मातोश्री म्हणाल्या, "आतां हें त्यांच्या डब्यांत ठेव." आम्ही विचारांत पडलों. इतिहासाच्या अभ्यासकास मूळ कागदावर शाईचा ठिपकाहि पडूं देववत नाहीं. राजवाड्यांनीं 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास घेतलीं, सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे 45 भाग 1930 नंतर प्रसिद्ध केले; त्या साऱ्या खटाटोपाचा पहिला नियम हाच, कीं कागद बोलेल तें ऐकावें, आपण कागदांत बोलूं नये. आणि दार न उघडतां चकतींत लिहिण्यास एक व्यावहारिक धोकाहि आहे. तीच चकती त्या वेळीं कार्यप्रणालीनेंहि चढविलेली असेल, तर दोघांच्या लेखनानें खतावणी विस्कटते. एकाच वहींत दोन कारकुनांनीं एकमेकांस न विचारतां जमाखर्च लिहावा, तशी गत होते. लिनक्सच्या चकत्यांसाठीं 'डीबगएफएस' म्हणून जें साधन आहे, तें आपण होऊन केवळ वाचनापुरतेंच उघडतें. लिहावयाचें असल्यास 'डब्ल्यू' हें अक्षर मुद्दाम जोडावें लागतें. हा त्याचा विवेक आम्हांस फार आवडला. लिहिण्याचा अधिकार असा मागूनच घ्यावा लागावा.

म्हणून आम्हीं असें केलें. मूळ फ्लॉप्या व त्यांच्या प्रतिमा जशाच्या तशा ठेवल्या. आठव्या फ्लॉपीच्या प्रतिमेची एक निराळी प्रत केली. सातवीची केली नाहीं, कारण तेथें आतां कोणी राहत नाहीं. ही प्रत कोठेंहि चढविलेली नाहीं याची खात्री करून घेतली. मग तीच एमकॉपी आज्ञा उलट्या क्रमानें लिहिली: आधीं आपली फाइल, मग दोन अपूर्णविरामचिन्हें. त्या नांवाची फाइल तेथें आधींच असती तर एमकॉपी थांबून विचारती, कीं जुनी पुसूं, का नवीस दुसरें नांव देऊं, का सोडून देऊं. तिला विचारावें लागलें नाहीं. वडिलांच्या फाइलला आम्हीं हात लावला नव्हता. मातोश्रींच्या फाइलला आम्हीं त्यांचें नांव दिलें होतें.

कळ दाबली; पुनः एमडिर म्हटलें. दोन नांवें एकाखालीं एक उमटलीं. एकीची तारीख 1999 सालची, दुसरीची या वर्षाची. मातोश्रींस पडद्यावरचें बारीक अक्षर दिसत नाहीं. आम्हीं तीं दोन्ही नांवें त्यांस मोठ्यानें वाचून दाखविलीं. त्यांनीं पुनः एकदां वाचावयास सांगितलीं.